मालू आत्याचा लेबनॉनी डबा

बुऱ्हाणपूरच्या लालबागातल्या आमच्या गल्लीत कुणाकडून डबा परत आला की तो उघडून पाहायची घाई असते. मालू आत्याकडून आला की मात्र तो आधी ओट्यावर ठेवतात आणि लांबून बघतात. शेजारच्या शुक्ला भाभी तर आधी झाकणावरूनच वास घेतात, मग नवऱ्याला हाक मारतात आणि त्याच्या हातून उघडवून घेतात. आत काय निघेल याचा नेम नाही. कधी चण्यांचा पिवळट लगदा, वर तेलाचं तळं. कधी बारीक चिरलेला हिरवागार पाला, त्यात दलिया. गल्लीला आता नावं पाठ झाली आहेत. पहिला हम्मस, दुसरा तब्बूले. पण वर्षभरापूर्वी हे शब्द बुऱ्हाणपुरात कुणाच्या तोंडी आले असते, तर लोकांनी डॉक्टरचा पत्ता दिला असता.

मालू आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. अण्णा दापोऱ्याला केळी लावतात आणि आत्या इथे, माझ्यापासून दोन घरं सोडून, एकटी राहते. लग्न केलं नाही. जन्मभर एका सरकारी ऑफिसात होती आणि बडी बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून रिटायर झाली. साहेब आले, साहेब गेले, पण नियमात बसल्याशिवाय एकही फाइल आत्याच्या टेबलावरून हलली नाही. ऑफिस सुटलं तरी नियम सुटले नाहीत. अजूनही कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्याशी खोचलेलं पेन, आणि दारात आलेल्या माणसाला पहिला प्रश्न, "काम काय?" मी सख्खी भाची, तरी मलाही विचारते. काम नाही म्हटलं की खूश होते आणि चहा टाकते.

चहा तिला येत होता. बाकी स्वयंपाक येत नाही, हे आमच्या घराण्यात सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. त्याचा पुरावा म्हणून अण्णा मांड्यांची गोष्ट सांगत. आत्या तरुण असताना रावेरहून पाहुणे तिला बघायला आले होते. आमच्याकडे चुलीवर खापर पालथं घालतात आणि पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठा करून त्यावर टाकतात. पाहुण्यांनी मुलीच्या हातचा मांडा बघायचा म्हटलं. आत्यानं झुलवला, तो मधोमध फाटला आणि अर्धा थेट मुलाच्या वडिलांच्या टोपीवर जाऊन बसला. लग्न जमलं नाही. टोपीमुळेच जमलं नाही असं काही नव्हतं, पण अण्णांच्या गोष्टीत टोपीच. हे त्यांनी माझ्या लग्नात सांगितलं, माझ्या भावाच्या लग्नात सांगितलं, बारशात सांगितलं. सगळे हसत. आत्याही हसे आणि मग हात धुवायला उठून जाई. हात खरकटे नसतानाही जाई, हे फार उशिरा माझ्या लक्षात आलं.

तर आत्याला स्वयंपाक येत नाही आणि ती एकटी, म्हणून सणावाराला गल्लीतल्या प्रत्येक घरून तिला डबा. "तुझ्या एकटीसाठी कुठं चूल पेटवत बसतेस?" असं म्हणायचं आणि डबा ठेवून यायचा. मीही हेच करायचे. रिकामा डबा परत देऊ नये हा नियम आत्या कशी मोडणार? ती त्यात साखर घालून परत करायची. दिवाळीचे लाडू गेले, साखर आली. संक्रांतीच्या पोळ्या गेल्या, साखर आली. आत्याकडची साखर वेगळी ठेवून मी चहाला वापरायचे. तिच्या घरी जेवायला म्हणून कुणी कधी गेलं नाही. भाऊबीजेला भावानं बहिणीकडे जेवायला जायचं असतं, पण आमच्याकडे तेही उलटं. आत्याच बसमधून दापोऱ्याला जायची, आई स्वयंपाक करायची आणि आत्या तिथं अण्णांना ओवाळायची.

गेल्या उन्हाळ्यात एके दुपारी मी गेले तर आत्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसलेली. समोर पिठाच्या डब्याला टेकवलेला मोबाइल, आणि मोबाइलमध्ये पांढऱ्या केसांची, गुबगुबीत गालांची एक बाई लसूण कुटत होती. मी तोंड उघडलं तर आत्यानं बोट वर करून गप्प केलं. क्लास चालू होता. बाई बैरूतजवळच्या गावातली होती आणि नाव नज्वा. आत्या तिला नज्वाबाई म्हणायची. नज्वाबाई मोडक्या इंग्रजीत शिकवायची आणि आत्या ऑफिसच्या इंग्रजीत विचारायची, "रिस्पेक्टेड मॅडम, काइंडली कन्फर्म, लिंबू बिफोर ऑर आफ्टर?" लिंबू म्हणून ती लिंबू उचलून दाखवायची. दोघींचं छान चालायचं.

मी विचारलं, आत्या, शिकायचंच होतं तर आपलं वरण-बट्टी शिकायची, मी शिकवलं असतं. हे लेबनॉनचं खूळ कुठून काढलं? त्यावर आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "सुनी, तुमच्या वरणात मीठ कमी म्हणायला अख्खा जिल्हा बसलाय. ह्यात मला नावं ठेवायला बुऱ्हाणपुरात एक तरी लेबनॉनी आहे का?"

मी मुकाट्यानं लसूण सोलायला घेतला.

पुढचे काही महिने गल्लीनं जे भोगलं ते गल्लीलाच माहीत. तब्बूलेला पार्सली नावाचा पाला लागतो. कोथिंबीर चालेल का विचारलं तर, "लेबनॉनी नियमात नाही." मग पोस्टानं बिया मागवल्या, कुंड्या मांडल्या, आमच्या उन्हाची धग लागू नये म्हणून वर ओली गोणपाटं बांधली. एक दिवस शुक्ला भाभींनी तो पाला कोथिंबीर समजून खुडला आणि डाळीत टाकला. त्याच भाभींनी पुढे आत्याच्या हम्मसला मोहरी-हिंगाचा तडका देऊन ते भाकरीशी पिठल्यासारखं खाल्लं आणि कौतुकानं येऊन सांगितलं, "दीदी, अब जाके टेस्ट आया." आत्यानं आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. मसूर आणि भाताचा मुजद्दरा केला तेव्हा मी चुकून खिचडी म्हणाले. मला चहा मिळाला नाही.

पण एक सांगते, बाईचा हात बसत चालला होता. वांग्याचा पदार्थ आला तेव्हा नज्वाबाईनं वांगी गॅसवर भाजली. आत्याला ते बघवेना. तिनं दापोऱ्याहून कपाशीच्या वाळलेल्या काड्या मागवल्या, मागच्या अंगणात आपल्या भरतासारखी त्यावर वांगी भाजली, आणि मोबाइल धुराजवळ धरून नज्वाबाईला दाखवलं. ती बाई तिकडे टाळ्या पिटायला लागली. पुढच्या क्लासला तिनं म्हणे सगळ्या शिष्यांना सांगितलं की वांगी कशी भाजायची ते बुऱ्हाणपूरच्या मालूला विचारा. आत्यानं हे मला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, पेन्शनच्या कामाला गेली तिथल्या साहेबांना सांगितलं. मीही माहेरी, सासरी, सगळीकडे सांगत सुटले. का नाही सांगू? आमच्या आत्याचं नाव बैरूतला पोचलं होतं.

आणि मग एका दुपारी गेले तर मोबाइल बंद. आत्या अंगणात नुसती बसलेली. क्लास बुडवला होता, पहिल्यांदाच. ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावला तर तो झटकला नाही, तेव्हा मी खरी घाबरले. मग म्हणाली, "तिकडेही मांडेच करतात गं."

नज्वाबाईनं त्यांची रोटी दाखवली होती. मरकूक म्हणतात. पुरण नसतं, पण बाकी तेच. पालथं घातलेलं लोखंडी खापर, कणकेचा गोळा, दोन्ही हातांवर झुलवत मोठा करायचा आणि टाकायचा. एवढ्या लांब जाऊनही आत्या पुन्हा रावेरच्या पाहुण्यांसमोरच उभी राहिली होती. मी म्हटलं, आत्या, रोटी सोडून दे, बाजारची आणू. ती म्हणाली की नज्वाबाईच्या नियमात पाहुण्याला विकतची रोटी वाढत नाहीत.

"कोण पाहुणा येणार आहे?" मी विचारलं.

"या वर्षी भाऊबीज माझ्याकडे," आत्या म्हणाली. "दादाला मी कळवलंय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हम्मस, पार्सली, काड्या, सगळी धडपड एका जेवणासाठी चालली होती. भावानं एकदा आपल्या घरी येऊन आपल्या हातचं जेवावं, एवढंच तिला हवं होतं. सरळ बोलली असती तर मीच अण्णांना धरून आणलं असतं. पण सरळ बोलेल तर ती मालू आत्या कसली.

त्यानंतर रोज दुपारी अंगणात खापर तापू लागलं. रोट्या फाटत होत्या. फाटलेल्या रोट्या गाईंना जात होत्या आणि गाईंना वेळ पाठ झाली होती. चार वाजता त्या आत्याच्या फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या. दसरा गेला तशा गाई कमी होत गेल्या. दिवाळीच्या आधी एकच म्हातारी गाय निष्ठेनं येत होती आणि तिलाही उपाशी जावं लागत होतं.

भाऊबीजेला अण्णा आले. आईचे गुडघे धरलेले, ती येऊ शकली नाही. आले ते घरून भाकरी खाऊन आले. मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की पोटाला आधार म्हणून थोडं खाल्लंय, आणि सदऱ्याच्या खिशात हिरव्या मिरचीच्या ठेच्याची डबी आणली आहे. मी त्यांना डोळे वटारले.

आत्यानं अंगणात पाट मांडले होते, रांगोळी काढली होती. ओवाळलं. ताटात हम्मस, तब्बूले, वांगी, मुजद्दरा. मधली जागा रिकामी, रोटीसाठी. अण्णा खापरासमोरच बसले होते आणि मला मेलीला दुसरं काही सुचेना, मी नुसती त्यांच्या टोपीकडे बघत होते. आत्यानं गोळा घेतला. पेन काढून मला धरायला दिलं. गोळा या हातावरून त्या हातावर झुलायला लागला, वाढायला लागला, पातळ झाला, इतका की पलीकडचा जाळ दिसावा. अण्णा तोंड उघडून बघत राहिले. टोपीची गोष्ट त्यांच्या ओठांवर आली होती, मी शपथेवर सांगते. आली आणि तिथंच थांबली. रोटी खापरावर पडली, कुठे भोक नाही, कुठे सुरकुती नाही.

आत्यानं ती चौघडी करून त्यांच्या ताटात वाढली आणि पुढ्यात उभी राहिली. ऑफिसात साहेबांच्या सहीची वाट बघत उभी राहत असेल, तशी.

अण्णांनी घास घेतला. दुसरा घेतला. एकदा हात खिशाकडे गेला आणि परत आला. ठेचा खिशातच राहिला. रोटी संपली तेव्हा ते म्हणाले, "मालू, अजून एक टाक वं." त्यानंतर पुन्हा एक. घरून भाकरी खाऊन आलेला माणूस एवढं कुठं ठेवत होता, देव जाणे. माझा ऊर नुसता अभिमानानं भरून आला होता आणि डोळ्यांना धूर लागला असं सांगायची सोय होती, ती मी वापरली.

हात धुतल्यावर अण्णा जरा घुटमळले. म्हणाले, "तुझ्या वहिनीसाठी दे ना थोडं बांधून."

आत्या आत गेली. फडताळाच्या वरच्या कप्प्यातून एक स्टीलचा डबा काढला. नवा कोरा, पण जुन्या घडणीचा. झाकणावर नाव कोरलेलं होतं, कु. मालती. पहिल्या पगारात घेतला होता, म्हणाली. भांडेवाल्यानं नाव घालू का विचारलं तेव्हा ती हो म्हणाली, नाहीतर डबे इकडचे तिकडे होतात. तो डबा त्या घरातून कधी बाहेर पडलाच नव्हता. तिनं तो पुसला, भरला, रोट्या फडक्यात गुंडाळल्या आणि अण्णांना बजावलं, "डबा आठवणीनं परत पाठवा."

याला आता महिना होत आला. डबा आलेला नाही. आत्या दूधवाल्याकडे तक्रार करते, शुक्ला भाभींकडे करते, गल्लीत जो भेटेल त्याच्याकडे करते. माझा डबा दापोऱ्याला अडकलाय. भावाकडेच आहे, पण लोकांना डबे परत द्यायची सवयच नाही. आवाज असा की चार घरांपलीकडे ऐकू जावा.

काल मी दापोऱ्याला निघाले होते. म्हटलं, आत्या, मी येताना घेऊन येते तुझा डबा.

ती गडबडून उठलीच. "राहू दे गं, राहू दे," म्हणाली. "असू दे त्यांच्याकडे थोडे दिवस."