गुन्हेगार एक वाजता जेवतो

मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत आपल्यासारखा तपास करणारा माणूस दुसरा नाही, असं लवू घाडी यांचं मत होतं, आणि या विषयावर ते दुसऱ्या कुणाचं मत विचारत नसत. नजर घारीची, नाक पोलिसी कुत्र्याचं आणि मेंदू, ते सांगत, अजून अर्धासुद्धा वापरलेला नाही. यातल्या शेवटच्या विधानाबद्दल मात्र कुणाचाच वाद नव्हता. उंची पाच फुटांच्या जेमतेम वर, पण ती गुन्हेगाराला गाफील ठेवायला देवाने मुद्दाम दिली आहे, असा त्यांचा खुलासा होता. नाहूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात त्यांना वॉचमन म्हणून घेतलं होतं. पुढे ते आपले आपणच सिक्युरिटी ऑफिसर झाले, आणि एका गणपतीत कोकणातून परत आले ते थेट डिटेक्टिव होऊन.

अक्षताही त्यांची असिस्टंट अशीच झाली, म्हणजे कुणी न विचारता. खरं तर ती टेस्टिंगला होती. पण लवूकाकांना विजेतलं ओ की ठो कळत नसल्यामुळे प्रत्येक केसमध्ये कुणीतरी शेजारी उभं राहून ‘काका, तिथे हात लावू नका’ म्हणायला लागायचं. हे काम तिच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

त्या गाळ्यात कारखान्यांसाठी पॅनेलं बनत. पॅनेल म्हणजे माणसाहून उंच लोखंडी कपाट आणि त्याच्या पोटात तांब्याच्या जाड पट्ट्या. वीज एका अंगाने आत येते, पट्ट्यांतून वाटली जाते आणि कुठली मोटर कधी चालायची, कधी थांबायची ते हे कपाट ठरवतं. सध्याचं पॅनेल एका पाणीपुरवठ्याच्या पंपांसाठी होतं. एवढं मोठं काम गाळ्यात पहिल्यांदाच आलं होतं आणि मालक सिद्धेश रात्री झोपेतसुद्धा ‘रंगाला ओरखडा नको रे’ म्हणून ओरडतो, असं त्याची बायको सांगत होती.

रंगाचं ठीक होतं, घोळ पोटात होता. माल पाठवण्याआधी पॅनेलमधून सकाळपासून संध्याकाळपर्यंत पूर्ण करंट सोडून पाहायचा असतो. पट्ट्या तापणारच, पण एका हद्दीपर्यंत. या पॅनेलच्या पट्ट्या सोमवारी दुपारी बारा वाजता ती हद्द ओलांडून पार पुढे गेल्या. मंगळवारीही तेच. गंमत म्हणजे एक वाजून गेला की पारा आपसूक खाली यायला लागायचा, जणू काही झालंच नाही.

तांबं तापलं म्हणजे जोड ढिला, जोड ढिला म्हणजे वायरमन ढिला, असा सिद्धेशचा सरळ हिशोब. वायरमन होता विकी. गुरुवारी गिऱ्हाइकाकडून इन्स्पेक्शनला मॅडम येणार होत्या. त्यांच्यासमोर पॅनेल तापलं तर ऑर्डर गेली, आणि ऑर्डर गेली तर विकीने दुसरीकडे नोकरी बघायची, असं सिद्धेशने चारचौघांत सांगून टाकलं. तोवर पॅनेलच्या जवळ फिरकायचं नाही. लवूकाकांनी त्याचा गेटपास काढून खिशात घातला आणि त्याला गेटजवळच्या स्टुलावर बसवलं. विकीची आई, शांताबाई, त्याच गाळ्यात झाडलोट आणि चहापाणी बघायच्या. पोराला असं बसवलेलं पाहिल्यापासून त्या कुणाशी बोलत नव्हत्या. अक्षताचा जीव तुटत होता. विकी प्रत्येक बोल्ट आवळत होता तेव्हा ती शेजारी उभी होती. पण तिचं कोण ऐकतो?

तपासाची सुरुवात लवूकाकांनी लोहचुंबकाने केली. करंट बंद असताना चुंबक तांब्याच्या पट्टीला लावला, तो चिकटेना. त्यांनी अक्षताकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तांबं नकली आहे. तांब्याला चुंबक चिकटतच नाही, असं तिने सांगितल्यावर ते म्हणाले की चोराला नेमकं हेच माहीत असणार.

मग त्यांना बोल्टांवर लाल रेघा सापडल्या. प्रत्येक बोल्टावर एक, सगळ्या एकाच हाताच्या. ही टोळीची खूण होती आणि टोळी जोगेश्वरीची होती, कारण आपल्या धंद्यातला प्रतिस्पर्धी जोगेश्वरीत आहे. अक्षताने सांगितलं की बोल्ट आवळून झाला की वायरमन अशी रेघ मारतोच. बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते, आणि यातली एकही तुटलेली नाही. म्हणजे जोड घट्ट आहेत, विकीचा दोष नाही.

“अक्षता, तू साधी मुलगी आहेस,” लवूकाका मायेने म्हणाले. “इतक्या सरळ रेघा निष्पाप माणूस मारत नाही.”

बुधवारी पारा परत चढला आणि परत एक वाजता उतरला. त्या दुपारी केबिनमध्ये वाफाळती आमटी फुंकून फुंकून पिताना लवूकाकांना साक्षात्कार झाला. पॅनेल फक्त जेवणाच्या सुट्टीत शहाण्यासारखं वागतं. का? कारण तेव्हा गुन्हेगार कामावर नसतो. गुन्हेगार एक वाजता जेवतो. अख्खा गाळा एक वाजता जेवतो, याकडे अक्षताने लक्ष वेधलं. मग संशयित अख्खा गाळा, असं ठरलं. फक्त विकी त्यातून सुटत होता, कारण अन्न त्याच्या घशाखालीच उतरत नव्हतं, आणि तो तर दिवसभर गेटवर. हे कोडं सोडवायला लवूकाकांना एक भुरका पुरला. न जेवणं हा अपराधी मनाचा पुरावा असतो. माका सगळा दिसता, ते म्हणाले आणि भाताकडे वळले.

गुरुवारी इन्स्पेक्शनच्या सुलक्षणा मॅडम आल्या. बाई चांगल्या उंच, बोलायला कमी. साडेअकराला पारा चढायला लागला तसा सिद्धेशचा चेहरा उतरायला लागला. लवूकाकांनी पुढे होऊन आपली ओळख करून दिली, जोगेश्वरीच्या टोळीची माहिती दिली आणि मुख्य आरोपी गेटवर ताब्यात असल्याचं सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग पॅनेलच्या अंगावर तळहात ठेवला, खालून वर नेला आणि टाचा उंचावून पाहिलं.

“वर काय आहे?”

“छप्पर,” लवूकाका म्हणाले.

मॅडमनी स्टूल मागितलं. गाळ्यात स्टूल एकच होतं, त्यावर आरोपी बसलेला. तेव्हा आरोपीच ते उचलून घेऊन आला. मॅडम चढल्या आणि वरून एकेक वस्तू खाली द्यायला लागल्या. पहिला आला लवूकाकांचा चार पुडांचा डबा. मग सिद्धेशचा, मग अक्षताचा, मग फिटर लोकांचे. डब्यांखाली घडी करून पसरलेलं जाड गोणपाट होतं. ते उचललं तशी खालच्या जाळीतून गरम हवेचा असा झोत आला की मॅडमनी तोंड फिरवलं. आतली गरमी बाहेर जायला पॅनेलला तेवढी एकच जाळी होती.

अक्षताला स्वतःचीच लाज वाटली. तीन दिवस ती गरम डबा खात होती आणि तो गरम कसा होतो हे तिलाही विचारावंसं वाटलं नव्हतं. आयता गरम डबा मिळाला की कोण चौकशी करतो?

शांताबाई पुढे आल्या. “मी ठेवते दहा वाजता, खोक्यावर चढून, आणि एकला काढते,” त्या म्हणाल्या. “मागच्या आठवड्यात घाडीसाहेबांनी शेगडी जप्त केली, आग लागेल म्हणून. माणसं थंड जेवायला लागली. हे कपाट गरमच असतं, म्हटलं वर ठेवू. आणि रंगाला ओरखडा नको म्हणून खाली गोणपाट घातलं, तेही डब्यांबरोबरच काढते.” एवढं बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्या मटकन खाली बसल्या. “माझ्याच हाताने पोराची वाट लावली मी.”

“आई, ऊठ,” विकी म्हणाला. “माझे जोड घट्ट आहेत. एवढंच पाहिजे होतं मला.”

टेस्ट चालूच राहिली. डबे टेबलावर पडून होते आणि एक वाजला तरी कुणी जेवायला हललं नाही. सगळे मीटरसमोर उभे. पारा उतरला, हद्दीच्या बराच खाली येऊन थांबला आणि तिथेच राहिला. चारच्या सुमाराला मॅडमनी मान डोलावली, पॅनेल पास केलं आणि हे जोड कुणी केले ते विचारलं. सिद्धेशने विकीकडे बोट दाखवलं, पण त्याच्याकडे बघायचं धाडस काही त्याला झालं नाही. पुढचं पॅनेल तूच घे, एवढं कसंबसं म्हणाला.

लवूकाकांना मात्र समाधान वाटत होतं. गुन्हेगार एक वाजता जेवतो हा सिद्धान्त तंतोतंत खरा ठरला होता, फक्त अटक चुकली होती. त्यांनी खिशातून गेटपास काढून विकीच्या हातावर ठेवला आणि पुराव्याअभावी सुटका झाल्याचं जाहीर केलं. विकीने पास गळ्यात अडकवला आणि काही न बोलता पाना घेऊन आत गेला. हे न बोलणं अक्षताला फार लागलं. लवूकाकांना ते आभारप्रदर्शन वाटलं.

मग सगळे जेवायला बसले. भुकेपुढे थंडगार पोळ्यांची कुणाला तक्रार नव्हती. लवूकाकांनी केबिनमध्ये डबा उघडला, आमटीवर तेल गोठलं होतं. त्यांनी एक भुरका मारला आणि डबा खाली ठेवला.

“शांताबाई,” ते म्हणाले, “आज आमटी थंड कशी?”

तीन दिवस त्या बाईच्या तोंडातून त्यांच्यासाठी शब्द फुटला नव्हता.

“तपास करा, साहेब,” शांताबाई म्हणाल्या आणि त्यांच्या पायांखालून झाडू फिरवला.