होकाराशिवाय भेंडी नाही

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, भेंडी तोडण्याआधी परवानगी मागतात. आम्ही मुलुंड पूर्वेला तळमजल्यावर राहतो. स्वयंपाकघराची भिंत आणि सोसायटीचं कंपाउंड यांच्यामध्ये आठ फूट रुंद मातीचा पट्टा आहे. तिथे त्यांची भाजी असते. भेंडी, वाली, लाल माठ आणि मांडवावर पडवळ. रोज सकाळी आबा टोपी सारखी करून मधोमध उभे राहतात आणि जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. मालवणात देवळासमोर घालतात तसंच, खड्या आवाजात. "बा देवा म्हाराजा, आज चार भेंडी नि जुडीभर माठ काढतंव. काय चुकला-माकला तर पोटात घाल रे म्हाराजा."

यावर दुसऱ्या कुणीतरी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, आणि गाऱ्हाणं पुरं झाल्याशिवाय आबा सुरी हातात घेत नाहीत.

माझं माहेर घाटकोपरचं. आमच्याकडे भाजी मंडईतून यायची आणि तिची परवानगी कुणी काढत नसे. लग्नानंतर पहिल्या सकाळी मला वाटलं, आबांचं शेजाऱ्यांशी वाजलंय. मग खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." वाटपाला नारळ खवता खवता, मान वर न करता त्या हे म्हणायच्या. कधी इतक्या वैतागून म्हणायच्या की राखणदारानेही जास्त चौकशी केली नसती.

पुढे एका सकाळी त्याच स्वयंपाकघरात सासूबाई गेल्या. हृदयविकाराचा झटका. मला पाचवा महिना होता आणि मी ऑफिसात होते, नवरा त्याच्या कामावर. घरी फक्त आबा.

त्यानंतर आबांनी भाजीला पाणी घालणं सोडलं नाही, पण तोडणं सोडलं. भेंड्या जून होऊन दोरखंडासारख्या झाल्या. पडवळं वेलावरच लाल होऊन फुटली. बिल्डिंगमधल्या बायका मला विचारायच्या, सासरे एवढे चिकट कसे? नवऱ्याने एकदा खिडकीतून "व्हय म्हाराजा" म्हणून पाहिलं, तर आबा म्हणाले, ता तुझा काम नाय. खरं सांगते, मला राग यायचा. मागच्या दारी भेंडी वाळत होती आणि मी अवघडलेल्या पोटाने मंडईतून भेंडी आणत होते.

मग इरा झाली. ती अडीच महिन्यांची असताना मी तिला घेऊन मागच्या दारात बसले होते. आबा मांडवाखाली उभे राहून सवयीने गाऱ्हाणं पुटपुटत होते. ते संपलं आणि इराने मोठ्ठा हुंकार दिला. आबा वळले. तिच्याकडे बघत राहिले. मग आत गेले आणि सुरी घेऊन आले. त्या दिवशी सहा-सात महिन्यांनी आम्ही घरची भेंडी खाल्ली.

तेव्हापासून तोडणीची मालकीण इरा. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात तिला छातीशी बांधून आबा वाफ्यात उतरायचे. भेंडीचं टोक मोडून कोवळी की जून ते आधी तिला दाखवायचे, मग टोपलीत. ती वालीची शेंग मुठीत धरून चोखायची. या कारभाराला नियमही होते. इरा झोपलेली असेल तर भाजी नाही. उचकी धरायची नाही. शिंक धरायची की नाही यावर आबांनी दोन दिवस विचार केला आणि धरायची असं ठरवलं. सर्दीने तिचा घसा बसला तेव्हा आम्ही चार दिवस बटाटा खाल्ला. नवरा म्हणायचा, आपल्या घरात काय शिजायचं ते जिला दात नाहीत ती ठरवते.

हसण्यावारी चाललं होतं, पण माझी रजा संपत आली होती. सोमवारपासून मला कामावर जायचं होतं. इराला कुठे ठेवायचं? पाळणाघर मी बघून ठेवलं होतं, बाई चांगली वाटली होती. आबांनी मात्र गृहीतच धरलं होतं की इरा त्यांच्याकडे राहणार. मीही मनातून जवळजवळ तयार झाले होते.

गुरुवारी मी स्टेशनजवळ सामान आणायला गेले आणि दवाखान्यातून फोन आला. धावत पोचले. आबा डॉक्टरांसमोर उभे होते. अनवाणी, बनियनवर, हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, छातीशी इरा. रांगेतल्या सगळ्यांना ओलांडून ते थेट आत घुसले होते. तीनदा गाऱ्हाणं घातलं तरी पोरीने हूं की चूं केलं नाही, म्हणून. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, बाळ गाढ झोपलंय." बाहेरची मंडळी हसली. इरा त्या हसण्याने जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं.

मला हसू आलं नाही. घरी पोचल्यावर मी एका दमात सांगून टाकलं की सोमवारपासून इरा पाळणाघरात जाईल. झोपलेलं मूल ज्यांना ओळखता येत नाही त्यांच्या भरवशावर मी तिला दिवसभर ठेवू शकत नाही. असं मी बोलले, आणि त्यांचा चेहरा बघूनही थांबले नाही.

आबांनी इराला माझ्याकडे दिलं. मग ते मागच्या नळाशी हात धुवायला बसले. पाठमोरेच बोलले.

"त्या दिवशी सकाळी चायवरसून आमचा भांडाण झालेला. मी गाऱ्हाणा घातलंय, ती बोलाक नाय. मी म्हटलंय, फुगली आसा, फुगांदे. नि मी आपलो भेंडी काढीत रवलंय."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. होकार न घेता त्यांनी टोपली भरली होती. तेवढ्यावर न थांबता पडवळं सरळ वाढावीत म्हणून त्यांच्या टोकांना एकेक करून दगड बांधले होते. अर्धा तास तरी गेला असेल. आत गेले तेव्हा सासूबाई जमिनीवर पडलेल्या होत्या. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, कधी पडल्या? आबा म्हणाले, आत्ताच. मुलालाही त्यांनी तेच सांगितलं होतं. आजवर कुणालाच खरं सांगितलं नव्हतं.

"अर्ध्या तासान फरक पडलो असतो काय गो?"

मला ते माहीत नव्हतं. डॉक्टर आम्हाला याबद्दल काही बोलले नव्हते, आणि बोलणार तरी कसे? त्यांना "आत्ताच" एवढंच ठाऊक होतं. माझ्या कुशीत इरा मुसमुसत होती. मी म्हटलं, "डॉक्टर मला म्हणाले होते, आबा. क्षणात झालं. तिथल्या तिथे."

"तुका म्हणाले?"

"मला."

"म्हणजे हाक मारूक तिका येळच गावलो नाय."

"नाही मिळाला."

आबांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला का, मला सांगता येणार नाही. मी त्यांच्याशी त्याआधी कधी खोटं बोलले नव्हते, आणि त्या खोट्याची मला आजही लाज वाटत नाही. नळ चालूच होता. शेवटी मीच वाकून तो बंद केला.

संध्याकाळी मी पाळणाघराच्या बाईंना फोन करून नको म्हणून कळवलं. आबांना सांगितलं की इरा तुमच्याकडेच राहील, पण मी ऑफिसातून दर तासाला फोन करीन, चिडायचं नाही.

ते म्हणाले, "कर. पण मी उचलूक नाय, तर म्हातारो फुगलो म्हणान गप बसा नको. धावत ये."

मी हो म्हटलं.