मनोहरची तिसरी खोली

जुई, निनाद,

परवा फोनवर जुई म्हणाली, "आजी, डिटॅच्ड ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये मर्ज करताना ऑफिसात घोळ झालाय. जाऊ दे, तुला कळायचं नाही." आणि तुम्ही दोघं हसलात. मला कळतं. अगदी नको इतकं कळतं. तुमच्या शहरात या विषयातली माणसं पगार घेऊन बसतात. आमच्या आळीत एक फुकट बसला आहे आणि तो माझ्या कुंपणाला लागून राहतो. तुमचा गैरसमज फार दिवस राहू नये म्हणून आजच लिहायला घेतलं.

त्याचं नाव मनोहर. मनोहर आमटीत थेट मीठ घालत नाही. पातेल्यातली वाटीभर आमटी बाहेर काढतो, त्या वाटीत सबंध पातेल्याचं मीठ घालतो, ढवळतो आणि मग वाटी पातेल्यात ओततो. मी विचारलं, "चमचा पातेल्यात जात नाही का?"

"वहिनी, मूळ गोष्टीला थेट हात लावायचा नसतो. आधी बाहेर काढायची. बदल करायचा. मग मर्ज."

एकदा ऐन वेळी दारातून कुणीतरी हाक मारली आणि वाटी ओट्यावरच राहिली. त्या दिवशी मी जेवायला होते. आमटी अळणी झाली. वाटीत मांजरानेसुद्धा एकदाच तोंड घातलं.

जन्मभर मुंबईत एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहून हा गृहस्थ निवृत्त झाला आणि मुरुडजवळच्या आमच्या या गावात, वडिलांच्या घरी येऊन राहिला. बायको आधीच गेलेली. एकुलती मुलगी मुक्ता परदेशात. नवरा, दोन मुलगे, मोठी नोकरी. सोबतीला राहिले ते कंपनीतले शब्द. डिटॅच्ड म्हणजे मुळापासून सुटून बाहेर आलेली प्रत आणि मर्ज म्हणजे ती प्रत पुन्हा आत घालणं, इतकंच. पण मनोहरला त्यात सगळं विश्व दिसतं. मुरुडची एसटी खिंडीत बंद पडली, की ती डिटॅच्ड. देवळाबाहेर चप्पल राहिली, की तीही डिटॅच्ड. "मर्ज करून घेऊ," म्हणत तो अनवाणी घरी येतो आणि चप्पल दुसऱ्याच कुणाच्या तरी पायात मर्ज झालेली असते.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण तो आळीच्या खोल्यांच्या मागे लागला.

आमच्या आळीत पाच-सहा घरं पर्यटकांना खोल्या देतात. त्याची व्यवस्था मी लावली होती. माझ्या पडवीत एक फळी, फळीवर खिळे, खिळ्यांवर चाव्या. चावी खिळ्यावर असेल तर खोली रिकामी. नसेल तर भरलेली. यात बिघडायला काही नव्हतं आणि कधी बिघडलंही नाही. मनोहरने ती फळी पाहिली आणि मान हलवली. "वहिनी, हे फार आदिम आहे." मी त्याला चहा दिला नाही.

मग त्याने प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक घर एक वस्तू, प्रत्येक खोली घराच्या पोटातली वस्तू. कोणीही मोबाइलवर पाहावं, खोली घ्यावी. चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. फक्त मनोहरच्या घरात नेटवर्क येत नाही. ते येतं गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी, एक पाय कठड्यावर ठेवला तर. म्हणून हा सकाळी टाकीपाशी जाऊन सगळ्या घरांच्या प्रती लॅपटॉपवर उतरवायचा, दिवसभर झोपाळ्यावर बसून त्यात बदल करायचा आणि संध्याकाळी पुन्हा टाकीपाशी जाऊन मर्ज करायचा. सगळी आळी खालून बघत असायची. गुडघे धरून जिना चढणारा तो माणूस बघून कोणालाही वाटावं, की वर आरती आहे.

पहिला दणका ताराबाईला बसला. ताराबाई मूळची कोळीवाड्यातली, आता आमच्याच आळीत. सकाळ-संध्याकाळ मासळी विकते आणि घरातली एक खोली भाड्याने देते. तिने दुपारी आपली खोली मोबाइलवर भरलेली दाखवली. संध्याकाळी मनोहरने सकाळची प्रत मर्ज केली, त्यात खोली रिकामी होती. जुनं नव्यावर बसलं. दिवेलागणीला ताराबाईच्या दारात दुसरी पाहुणे मंडळी बॅगा घेऊन उभी!

ताराबाई मासळीची पाटी डोक्यावर तशीच ठेवून मनोहरच्या अंगणात आली.

"आवो मनोहरशेट, माजी खोली दुपारीच भरली हाय. तुमचा कंप्युटर सकालचाच बोलतो हाय!"

"ताराबाई, काय झालं, माझ्याकडची प्रत शिळी होती."

"शिली व्हती ना? मंग आत कशाला टाकली? शिली मच्छी ताज्या मच्छीवर वतते का मी?"

मनोहर चष्मा पुसत राहिला. मग मला म्हणाला, "वहिनी, हिचा मुद्दा बरोबर आहे." मोठ्या कंपनीत आयुष्य घालवून जे समजायला हवं होतं, ते त्याला अंगणात सुरमईच्या वासात समजलं. तरी सुधारला का? छे. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकीपाशी.

आता त्याच्या तिसऱ्या खोलीविषयी. मनोहरच्या घराला तीन खोल्या आहेत, पण भाड्याने दोनच. तिसरीला कायम कुलूप. सुरुवातीला चाचणीसाठी त्याने ती प्रोग्रॅममध्ये घातली होती, मग काढून टाकली. सुट्ट्यांत लोक पडव्यांमध्ये झोपायला तयार असतात, तेव्हाही ती उघडत नसे. विचारलं की ठरलेलं उत्तर: "ती डिटॅच्ड आहे." मी समजून चुकले होते. आत रद्दी, सोललेले नारळ आणि जुने कंप्युटर भरलेले असणार. आळशी माणसाची अडगळ, तिला इंग्रजी नाव.

यंदा थंडीत जोडून सुट्ट्या आल्या. गाव भरून वाहत होतं. मनोहरच्या मनात आलं, पाहुण्यांना न्याहारीला पोह्यांऐवजी घावनं द्यावीत. एवढाच बदल. पण त्यासाठी त्याने आपल्या घराची जी प्रत उघडली ती फार जुनी होती, तिसरी खोली काढून टाकण्याच्या आधीची. पोहे खोडले, घावनं लिहिली, टाकीपाशी गेला, मर्ज केलं. प्रोग्रॅमने आत शोधलं, तर तिसरी खोली नाही. मग प्रोग्रॅमला वाटलं, ही नवीन दिसते. घातली आत. अशी ती काढून टाकलेली खोली घावनांबरोबर पुन्हा जिवंत झाली आणि चहा होईपर्यंत कोणीतरी घेतलीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याची मंडळी आली. नवरा, बायको, एक मुलगा खांद्यावर झोपलेला, दुसरा रडणारा.

"काका, आमचं बुकिंग आहे. तिसरी खोली."

"ती खोली अस्तित्वात नाही," मनोहर म्हणाला.

"मग हा मेसेज कोणी पाठवला?"

"जुन्या प्रतीने."

नवरा बायकोकडे बघायला लागला. मी कुंपणावरून ऐकत होते, ती सरळ त्याच्या अंगणात गेले. ताराबाईला हाक मारली. ती म्हणाली, "कुटं जागा न्हाय वहिनी. पार मुरुडपरयंत फुल हाय. पोरांना काय वालूत झोपवतील?" माझ्या दोन्ही खोल्या भरलेल्या, पडवीतसुद्धा माणसं. रडणारं पोर आता शिंकायलाही लागलं होतं.

"मनोहर," मी म्हटलं, "तुझी रद्दी काढ बाहेर. मी झाडू आणते."

तो हलला नाही. "वहिनी, ती खोली देता येत नाही."

"देऊन बसला आहेस."

चावी शोधावी लागली नाही. ती त्याच्या सदऱ्याच्या खिशातच होती. दार कुरकुरेल असं मला वाटलं होतं. ते तेल घातल्यासारखं उघडलं. मी झाडू घेऊन उंबऱ्यात उभी राहिले आणि मला झाडायला काही सापडेना. रद्दी नव्हती. नारळ नव्हते. एक खाट होती, शाळेतल्या मुलीला पुरेल एवढी. तिच्यावर इस्त्रीच्या घड्या न मोडलेली चादर. खिडकीत शंख-शिंपले मांडलेले, एकावरही धूळ नाही. कोनाड्यात तांब्या-भांडं. मी सवयीने तांब्या उचलला. काठोकाठ भरलेला होता. पाणी त्याच सकाळचं होतं.

मुक्ता शाळेत असताना सुट्टीला इथे यायची, तेव्हाची ही तिची खोली. दिवाळीला येते, मे महिन्यात येते, असं ती फोनवर सांगत असते. मी इथे राहायला आल्यापासून तिला एकदाही पाहिलेलं नाही.

"इथे कोणी राहतं का, काका?" त्या बाईने हळूच विचारलं.

"मुलगी यायची आहे."

"अय्या! मग आम्ही कसं—"

"राहा. ती आज नाही येत."

बाईने आत पाहिलं, मग अवघडून म्हणाली, "पण काका, एवढ्याशा खाटेवर आम्ही चौघं कसे मावणार?"

मनोहर खाटेकडे बघत राहिला. "चौघं," तो म्हणाला. पुन्हा एकदा, जरा हळू, "चौघं."

मी माझ्या घरातल्या गाद्या आणून जमिनीवर घातल्या. पुण्याची मंडळी सुखात राहिली, घावनांची स्तुती करून गेली. ती गेल्याबरोबर मनोहरने तिसरी खोली पुन्हा काढून टाकली आणि सगळ्या जुन्या प्रती पुसल्या. मग आळीची बैठक झाली. बैठक कसली, ताराबाई बोलली आणि आम्ही ऐकलं. प्रोग्रॅम बंद झाला, फळी परत आली.

पुढच्या आठवड्यात अलिबागहून टेंपो आला. त्यातून एक मोठा पलंग उतरला आणि वर दोन गाद्या.

"शेवटी भाड्याने देणार तर," मी म्हटलं.

"नाही हो. मुक्ताची माझ्याकडची प्रत फार जुनी होती, वहिनी." मग पलंगाच्या कडेवर हात फिरवत म्हणाला, "मुलं केवढी झाली असतील? हा पुरेल ना त्यांना?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

माझा स्वर चांगला नव्हता, कबूल आहे. पण तो खरंच जिना चढला. टाकीपाशी, एक पाय कठड्यावर. खालून मला एवढंच ऐकू आलं, "अगं, सहज केला. मुलांची उंची किती आहे सध्या? ... नाही, नाही, तू सांग. मी लिहून घेत नाही, ऐकतोय." मग दिवेलागण झाली तरी फोन कानालाच आणि पाय कठड्यावरच.

मुक्ता अजून आलेली नाही. माझ्या फळीवर मनोहरच्या घरासाठी दोनच खिळे आहेत. तिसरी चावी त्याच्या खिशात असते, आणि तांब्या रोज सकाळी भरला जातो.

तुमची,
आजी