नियम अकरा, उपकलम क

"नियम पाचाच्या वर नेऊ नकोस," जुन्या मॉडरेटरबाईंनी मला बजावलं होतं. "सहाव्यापासून बायका भांडण सोडून नियमच वाचायला लागतात."

मी गालातल्या गालात हसले. बाई शाळेच्या निवृत्त ग्रंथपाल. त्यांच्या लेखी गुन्हा म्हणजे पुस्तकाचं पान दुमडणं. माझ्याकडे समाजशास्त्राची पदवी होती, 'भाषा आणि भेदभाव' या विषयावरचा बांधून घेतलेला प्रबंध होता आणि नऊ महिन्यांची मुलगी होती. नव्या आयांच्या ऑनलाइन मंचाला याहून लायक मॉडरेटर कुठे मिळणार? मुलगी झोपली की तिचा श्वास चालू आहे ना, हे मी दर दहा मिनिटांनी बघते. चार हजार बायकांवर तेवढीच नजर ठेवायची, त्यात काय मोठंसं!

मी तेवीस नियम केले. त्यातला अकरावा माझ्या विशेष लाडका. वर्णावरून अपमान करणारा शब्द लिहिला, की पाच दिवस तोंड बंद. उपकलम क : लिहिणारीचा हेतू विचारात घेतला जाणार नाही. आणि बारावा : कोणाला का गप्प केलं हे सगळ्यांना कळावं, म्हणून तो शब्द सूचना फलकावर जसाच्या तसा लावायचा. कारभार कसा, काचेसारखा.

मंगळवारी सकाळी मुलीला कुस्करलेला बटाटा भरवत होते. एका हातात चमचा, दुसऱ्यात फोन. 'अर्धी झोप' या नावाच्या एका नव्या बाईची पोस्ट आली. तिसऱ्या ओळीत 'कोळसा' होतं, तेही बाळाला उद्देशून. मी पुढे वाचलंच नाही. अंगठा दाबला, पोस्ट गायब, बाई पाच दिवस गप्प. फलकावर लावलं : 'बाळाला "कोळसा" संबोधल्याबद्दल.' मुलीनं घास थुंकायच्या आत न्याय झाला होता.

दहा मिनिटांत सूचनेखाली जत्रा भरली.

"बाळाला कोळसा? असल्या बाईला आई कोणी केलं?"

"माझे सासरे कोळशाचे व्यापारी आहेत. आमचाही अपमान झालाय."

"मग गोरं म्हणणंही वर्णद्वेषच की."

"माझी मुलगी गोरी आहे, ही काय माझी चूक?"

"ताई, तुमच्या मुलीचा विषय कोणी काढला होता का?"

"तुमच्यासारख्या दुधात बुडवून काढलेल्यांना काय कळणार!"

जी ती दुसरीचा अपमान पुन्हा लिहून दाखवत होती आणि त्याचा निषेध करत होती. उपकलम क माझ्या डोळ्यांसमोर होतं. निषेध हाही हेतूच. मी एकेकीला गप्प करत गेले आणि एकेकीचा शब्द फलकावर डकवत गेले. दुपारच्या जेवणापर्यंत सदतीस बायका गारद. मुलीचा एक मोजा कुठे गेला ते कळलं नव्हतं, पण मंचावर स्मशानशांतता होती.

नवरा जेवायला घरी आला. ताटाशी बसून त्यानं माझा फोन चाळला आणि त्याचा घास हातातच राहिला.

"अगं, ही कोण बाई? एका पानावर एवढं घाण लिहिलंय. हिला आधी हाकल."

"तो सूचना फलक आहे," मी म्हटलं. "मीच लिहिलाय."

तेवढ्यात माझ्या उपमॉडरेटरचा फोन आला. जुळ्यांची आई ती. मंचावर तिला सगळ्या 'डबल डायपर' म्हणतात.

"ताई, राग मानू नका, पण एका सभासदाविरुद्ध दीडशे तक्रारी आल्यात. सदतीस अपमानकारक शब्द, एकाच दिवसात."

"मग वाट कसली बघतेस? कर बंद."

"तुम्हीच आहात, ताई."

"अगं, ते शब्द माझे नाहीत. मी ते फक्त लोकांना दाखवले."

"तो झाला हेतू," ती हळूच म्हणाली. मागे दोन्ही पोरं एका सुरात रडत होती. "मला फार वाईट वाटतंय. नियमावली इतकी सुंदर केलीय तुम्ही, कुठे फटच ठेवलेली नाही."

आणि तिनं मला पाच दिवस गप्प केलं. माझंच उपकलम, माझ्याच तोंडावर!

मी हातपाय गाळून बसले. सासूबाई मुलीला मांडीवर घेऊन समोर बसल्या होत्या. सकाळपासून त्या माझ्या खांद्यावरून सगळं वाचत होत्या, हे मला आत्ता कळलं.

"त्या पहिलीचं काय झालं गं?"

"कुठल्या पहिलीचं, आई?"

"जिच्या बाळाला घरचे नावं ठेवतात. तिनं काहीतरी विचारलं होतं. कोणी सांगितलं का तिला?"

लिहिता येत नसलं तरी काढलेल्या पोस्ट मला दिसत होत्या. मी ती पोस्ट उघडली आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली.

'माझा मुलगा दोन महिन्यांचा आहे. घरात त्याला नावानं कोणी हाक मारत नाही. सगळे कोळसा म्हणतात आणि हसतात. पाहुणे आले की मला त्याला घेऊन आतल्या खोलीत बसायला सांगतात. काल मीही हसले, म्हणजे विषय संपेल. तेव्हापासून मला त्याच्याकडे बघवत नाहीये. आईला सांगितलं तर ती घाबरेल. इथे कोणी जागं आहे का?'

फलकावर तिच्या सूचनेखाली दोनशे चौदा उत्तरं होती. तिला दिलेलं एकही नाही.

मी डबल डायपरला फोन केला. तिनं कुठलंही कलम न बघता त्या बाईचं खातं त्याच क्षणी उघडलं, तिला दोन ओळी लिहिल्या, दुसऱ्या दिवशी चार. माझे पाच दिवस संपल्यावर मी दोन पानं लिहिली. तीन आठवडे झाले. तिच्या नावापुढे अजून तेच दिसतं : शेवटची भेट, मंगळवार, नऊ वाजून बारा मिनिटं. खरं नाव नाही, पत्ता नाही. काढलेली पोस्ट परत लावता येते, पण तिला कुठे शोधू?

म्हणून हे तुम्हाला लिहितेय. तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात दोन-तीन महिन्यांच्या बाळाची आई असेल. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारी. आज जरा तिचं दार वाजवा. बाळाला नावानं हाक मारा. नाव माहीत नसेल तर तिलाच विचारा आणि ती सांगेल ते सगळं ऐकून घ्या, शेवटच्या ओळीपर्यंत. मला ते जमलं नव्हतं.