वामनकाका आणि कोटवाले जंतू

वामनकाकांनी पुसलेल्या फरशीवर दहा मिनिटं कुणालाही पाय ठेवता येत नाही. आमच्याकडे सत्यनारायण होता, तेव्हा मदतीला आलेल्या काकांनी खुद्द भटजींना पायरीवर उभं करून ठेवलं. हातात घड्याळ, चेहऱ्यावर कमालीचं गांभीर्य. "औषध टाकलं का जंतू लगेच मेला, असं नसते बाप्पा. टाइम द्या न त्याले!" भटजींचा मुहूर्त टळला, जंतूंचा मात्र साधला.

काका हिंगणघाटच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरचे अटेंडंट होते. निवृत्त झाल्यावर आमची अख्खी गल्ली त्यांच्या ताब्यात आली. कुणी चिखलावर फिनाइल ओतताना दिसलं की काका हजर. "काऊन टाकून राह्यल्या वैनी? आधी धुनं, मंग मारनं. मळात औषधच मरते." किराणावाल्यानं एकदा ॲसिड आणि ब्लिचिंग एकाच बादलीत कालवायला घेतलं, तर त्यांनी बादलीच हिसकावली. "गॅस होते येड्या! जंतूच्या आधी तूच जाशीन."

या माणसाला माणसांचीच किळस असावी, असं गल्लीला वाटायचं. मलाही वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात आईला उलट्या-जुलाब लागले. कामवाली येईनाशी झाली. मावशी फाटकातूनच चौकशी करून गेली. खरं सांगतो, अंथरूण उचलताना मीही नाक दाबून धरायचो. आई आजारापेक्षा लाजेनंच खचली होती. "कोनी मायाजवळ येऊ नोका," म्हणायची आणि तोंड फिरवायची.

काका आले. मी सॅनिटायझरची बाटली पुढे केली.

"यानं काय होते? ज्या विषाणूच्या अंगावर चरबीचा कोट असते, तो यानं मरते. हा उघडा गडी दिसते, लय चिवट. याले ब्लिचिंगच पायजे."

आईची खाट त्यांनी अंगणात उन्हाला घ्यायला लावली. हातमोजे चढवून चादरी गोळा केल्या, फरशी साबणानं धुतली, ताजं ब्लिचिंग कालवून पसरलं. नाक एकदाही मुरडलं नाही. मग कोपरापर्यंत हात धुऊन खाटेशी बसले आणि आईचा हात हातात घेतला. मी तर बघतच राहिलो.

"काका, तुम्हाला होईल ना," मी म्हणालो.

"धुवून टाकीन. जंतू कशानं मरते, मले माहीत हाय. मंग मानसाले काऊन भ्यायचं?"

मग आईला म्हणाले, "कोरोनात आमची शांता गेली, वैनी. तो तं कोटवाला होता. साध्या साबनानं मरे. पन मले, तिच्या नवऱ्याले, तिचा हात धरू देला नाई."

आईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि आपला दुसरा हातही त्यांच्या हातावर ठेवला.