पाच तारांची वीणा

"बाई, पेटी बी लेलेव. नंगा बाजा लेके गाँव को नक्को जाव, लोगां कुछ का कुछ समझते!"

हैदराबादच्या त्या जुन्या वाद्यांच्या दुकानदारानं मला हे दोनदा बजावलं. दोन्ही वेळा मी हसले. मी बी.ए., तीही अर्थशास्त्र घेऊन! वाद्य ठेवायची रिकामी पेटी उगाच गळ्यात मारू पाहणाऱ्या माणसाचं मी ऐकणार होय? आमच्या छकुलीच्या बारशात आलेली जरीकाठी शाल पिशवीत होतीच. तिच्यात बाजा गुंडाळला, झालं!

आणि खरेदी तरी कशी? अशी स्वस्त खरेदी सत्त्याऐंशी सालात अख्ख्या बिदर जिल्ह्यात कुणी केली नसेल! आमचे हे, बळीराम, हुमनाबादच्या हायस्कुलात गणित शिकवतात. पण जीव सगळा बास गिटारीत. बास म्हणजे गिटारीचा थोरला भाऊ. जाड तारा, खर्जातला आवाज, गाण्याच्या तळाशी धुमधुम चालू. नऊ वर्षं हे लोकांच्या गिटारी मागून मागून वाजवत होते. आता गुलबर्ग्याच्या गुरुपादय्यांच्या ऑर्केस्ट्रात एक जागा रिकामी झाली होती. अट एकच. "वाद्य स्वतःचं आणा. रविवारच्या कार्यक्रमाला न्हाई आणलात तर दुसरा पोरगा तयार हाय."

दुकानातल्या बाकीच्या गिटारी आमच्या आवाक्याबाहेर. ही मात्र कोपऱ्यात धूळ खात होती. पाच तारा, आणि मानेवर एकही पडदा नाही! कुणी घेईना म्हणून निम्म्या किमतीत.

"पडदे नसले की बोट कुठं ठेवायचं ते अंदाजानं ठरवावं लागतंय गं," हे कुरकुरले.

"गणिताच्या मास्तरांनी अंदाजाला भ्यायचं? शिवाय एक तार जास्त मिळायलीय!"

रविवारला सहा दिवस होते. तोवर छकुलीला आजीकडं रुळवावं म्हणून आम्ही दुबलगुंडीला, माझ्या सासरी उतरलो. मामंजींना मात्र काही कळू द्यायचं नव्हतं. मामंजी म्हणजे माझे सासरे गुंडेराव. सत्तरीचे, माळकरी, चाळीस वर्षं गावच्या भजनी मंडळाचे वीणेकरी. ऑर्केस्ट्रा हा शब्द ऐकला की त्यांना ठसका लागतो.

"मी सांभाळून घेते," मी बसमध्ये ह्यांना म्हणाले. हे वाक्य मी बोलले की हल्ली हे दार शोधतात!

मामंजी ओसरीवरच बसलेले. नजर थेट शालीवर.

"सूनबाई, काय हाय त्यात?"

कडेवर छकुली, काखेत ओली दुपटी, डोक्यात शून्य. तोंडातून निघून गेलं, "वीणा, मामंजी!"

ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू पहिल्या बाकावरच्या पोरानं दोन नि दोन पाच सांगितलेत. मामंजींनी शाल उलगडली.

"भोपळा कुठाय हिचा?"

"शहरात आता लाकडातच करतात. भोपळ्याला कीड लागते."

"आन् तारा पाच कामून? आपल्या वीणेला चार असतेत."

"एक जास्तीची. ऐनवेळी तुटली तर!"

मामंजींनी मानेवरून अंगठा सावकाश खालपर्यंत फिरवला.

"पडदे न्हाईत," ते म्हणाले. "पडदे असते तर मी सतार म्हणलो असतो. वीणाच हाय ही!"

आणि त्यांचे डोळे भरले! झालं होतं असं, की मंडळाच्या वीणेचा भोपळा उंदरांनी कुरतडला होता, नवी कुठं मिळत नव्हती आणि दुसऱ्या दिवसापासून देवळात सप्ता बसणार होता. "देवानं सुनेच्या हातानं धाडली बघ," असं ह्यांना म्हणत मामंजी गिटार छातीशी धरून निघालेसुद्धा!

मंगळवारी सकाळी गिटारीला बुक्का लागला, झेंडूचा हार पडला आणि ती अंकुशरावांच्या गळ्यात गेली. अंकुशराव म्हणजे मामंजींचे भजनातले जोडीदार. आता सप्त्याची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. वीणा एकदा गळ्यात पडली की सात दिवस जमिनीला टेकायची नाही. ह्या गळ्यातून त्या गळ्यात. आणि जो वीणेकरी, त्यानं बसायचं नाही. मी बोटं मोजली. मंगळवार ते मंगळवार, आणि रविवार बरोबर मध्ये!

"सांभाळून घेतलीस," हे म्हणाले. बस्, एवढंच.

त्यात तिचं वजन! अंकुशराव दोन तासांनी बाहेर आले ते मान एका बाजूला धरून. "गुंडेराव, वीणा हाय का जात्याची तळी?" दुसऱ्या दिवशी त्यांची मान तिथंच अडकली. रस्त्यात लोकांना वाटलं, अंकुशराव रागावलेत, बघेनात! देवळाच्या फळ्यावर वीणा धरायच्या पहाऱ्याची नावं खडूनं लिहिलेली असायची. ती एकेक पुसली जाऊ लागली. गुरुवारी दोनच उरली. हे आणि मामंजी.

मामंजी मात्र खुशीत. "पोरगं सुधारलं बघ! तीन-तीन पहारे उभं राहायलंय!" त्यांना काय माहीत, पोरगं हाराखाली बोटं लपवून रियाज करायलंय! विजेशिवाय त्या तारा ऐकूही येत नव्हत्या. माझं लक्ष मात्र मामंजींच्या पायांवर. घोटे सुजून पेरूएवढे झालेले. दर अर्ध्या तासानं मी जाऊन म्हणायची, "मामंजी, जरा खांबाला तरी टेका."

"वीणेकरी टेकत न्हाई, सूनबाई."

पाप माझं आणि घोटे त्यांचे!

शुक्रवारी माइकवाला कल्लप्पा वायर घेऊन हिंडत होता. एकदम थांबला. "अक्का, ह्या वीणेला पिन घालायला भोक हाय की!"

"कल्लप्पा, नको!"

पण कल्लप्पानं भोक पाहिलं आणि पिन घातली नाही, असं कधी झालंय? धुम्म्म्म! देवळाच्या शिखरावरचे पारवे उडाले. परातीतले लाडू गडगडले. खांबाआड निजलेली छकुली जागी होऊन खदखदा हसली. आणि सगळं गाव माझ्याकडं वळलं.

मी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

मामंजींनी पिन उपसून काढली. म्हणाले, "म्हंजे ही गिटार हाय."

"व्हय," मी डोळे पुसत म्हणाले.

"पण मी वीणा म्हणून बुक्का लावलो. आता ती वीणाच. मंगळवारपतूर खाली ठेवायची न्हाई."

तेव्हा हे बोलले. बापासमोर पहिल्यांदा. "अप्पा, नऊ वर्षं झाली. ही एक जागा हुकली तर परत न्हाई मिळायची."

मामंजींनी लेकाकडं पाहिलं. हार जरा नीट केला.

"खाली ठेवायची न्हाई म्हणलो. गावाबाहेर न्यायची न्हाई असं म्हणलो का? गळ्यात घालून चल. मी बी येतो, अंकुशराव बी येतेत. बाकीचे इथं टाळ चालू ठेवतेत."

रविवारी आम्ही टेम्पोतून गुलबर्ग्याला गेलो. वीणेकऱ्यानं बसायचं नाही, म्हणून आळीपाळीनं उभ्यानं! गुरुपादय्या हार पाहून किंचाळले, "मास्तर, तो हार काढा!"

"काढता येत न्हाई," तिघेही एकदम म्हणाले.

पहिली तीन गाणी ह्यांनी अशी वाजवली की मी छकुलीला घट्ट धरून बसले. मग वाटेत प्यायलेल्या चार कप चहानं घात केला. पडदा पडताच ह्यांना तातडीनं जावं लागलं. खाली तर ठेवायची नाही! पडद्याआड मामंजी उभे होते, त्यांच्या गळ्यात अडकवली आणि हे पळाले.

पडदा उघडला. स्टेजवर मामंजी! डोळे मिटलेले, बोट एकाच तारेवर. धुम. धुम. चाळीस वर्षांची सवय, गाणं कुठलंही असो! ढोलकीवाला लय वाढवून पळू लागला, मामंजी हलले नाहीत. शेवटी सगळा ऑर्केस्ट्राच त्यांच्या चालीनं चालू लागला. जी गायिका दर कडव्याला सुरातून घसरत होती, ती त्या एका सुराला धरून शेवटपर्यंत सरळ चालली. अशा टाळ्या पडल्या! हे परत आले, तर मामंजींचे डोळे मिटलेलेच. गळ्यातून काढून घ्यायची कुणाची छाती होईना.

कार्यक्रमानंतर गुरुपादय्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, वाजवणं तुमचं झकास. पण असं उभं राहणं तुम्हाला जमायचं न्हाई. मी अप्पांना ठेवतो."

परतताना हे एवढंच म्हणाले, "अप्पांना इतकं खुश कधी बघितलो न्हाई मी."

सप्ता मंगळवारी संपला. बुधवारी मामंजी गिटार घेऊन गुलबर्ग्याला गेले. गुरुपादय्यांनी धाडलेल्या पेटीसकट! तेव्हापासून ऑर्केस्ट्रा गावोगाव फिरतोय, आणि हे घरी पाळण्याच्या दोरीवर बोटं चालवतात.

वाचकहो, तुमच्या गावात कधी स्टेजच्या कडेला धोतर-टोपीतले, डोळे मिटलेले एक गृहस्थ दिसले, तर मध्यंतरात जरा आत जाऊन बघा हो. घोटे सुजलेत का, रक्तदाबाची गोळी घेतली का. आणि खुर्चीवर बसायला सांगा. फक्त मी सांगितलंय असं म्हणू नका. माझ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही!