चारशे बारा फायलींत शून्य

"साहेब, पाच मिनिटं द्या, शोधूनच देते!" भिंगरीने आईच्या ऑफिसातल्या साहेबांना फोनवर ठोकून दिलं, आणि अंथरुणात पडलेल्या आईने कपाळाला हात लावला.

आईचा घसा असा बसला होता की बोलली तर पंक्चर झालेल्या चाकासारखा नुसता फुस्स आवाज! त्यामुळे सकाळपासून आईचं तोंड म्हणजे भिंगरी. आणि शाळेच्या संगणक स्पर्धेत पहिली आल्यापासून भिंगरीचे पाय कुठे जमिनीला लागत होते!

आई बेकरीच्या मोठ्या भट्ट्या चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहायची. अकरा वर्षं! आता एका बेकरीवाल्याने चालू भट्टी ओल्या फडक्याने पुसली, आतली यंत्रणा जळाली, आणि वर हाच ओरडतोय, "पुस्तिकेत सूचनाच नव्हती!" सूचना असेल तर चूक त्याची. नसेल तर आईची. साहेबांना दहा वाजता त्याला कळवायचं होतं.

"'पुसण्याआधी भट्टी बंद करा.' लिहिलंय मी," आई फुसफुसली.

"मग मिळेलच की! पुस्तिकेच्या चारशे बारा फायली म्हणजे किस झाड की पत्ती!"

फायली उघडल्या, तर वाक्यं थोडी आणि टोकदार कंसांतल्या खुणाच फार. इथे शीर्षक सुरू, इथे संपलं, इथे पायरी सुरू, इथे संपली. एकेका शब्दाला दोन-दोन पहारेकरी! आईने घाईघाईने चिठ्ठी खरडली, "साधा शोध चालणार नाही. मध्ये खुणा..." भिंगरीने ती अर्धीच वाचली.

"तू पड गं आई! मला येतं सगळं."

तिने अख्खं वाक्य टाइप केलं. शून्य! पुन्हा केलं. पुन्हा शून्य!

फोन वाजला. "काय गं, सापडलं?"

"दोनदा शोधलं, साहेब! एकदाही नाही. संगणक कशाला खोटं बोलेल?"

"आई काय म्हणतेय?"

आई जीव तोडून मान हलवत होती.

"ती पण नाही-नाहीच म्हणतेय."

"ठीक आहे." फोन बंद.

आईने लॅपटॉप ओढला, एक फाइल उघडली आणि बोट ठेवलं. 'पुसण्याआधी भट्टी', मग खूण, मग 'बंद', मग खूण, मग 'करा'. 'बंद' हा शब्द आईने मुद्दाम ठळक केला होता, कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून! त्या खुणांनी वाक्याचे तीन तुकडे पडले, आणि शोधाला ते दिसलंच नाही.

भिंगरीने धडपडत फोन लावला. "साहेब, आहे! सूचना आहे! 'बंद' ठळक केलंय ना, म्हणून शोधात आली नाही!"

"अगं बाई, आईच्या नावाने माफीपत्र गेलंसुद्धा! आता 'आमचंच बरोबर होतं' म्हटलं तर शोभा होईल. तिला म्हणावं, सूचना नव्याने घाल. आणि ते ठळक-बिळक नको!"

आईने निमूट खुणा काढल्या. फाइल जतन करताना चौकट आली: 'बदलाचं कारण?' ती भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आईने लिहिलं, 'सूचना माझ्याकडून राहून गेली होती.'

हे वाक्य मात्र साध्या शोधात पहिल्याच झटक्यात सापडतं. भिंगरीने करून बघितलंय ना!